चॉकलेटचं पायताण

आबा, तुम्ही मला कातड्याला कधी हात लावू दिला नाहीत. मी आरी उचलली की ओरडायचात, "ठेव ते. पायताण खाशील न्हाईतर." घरात पायताणांना काही तोटा नव्हता, पण मला एकदाही खावं लागलं नाही. आता कसबा बावड्यात माझं चॉकलेटचं दुकान आहे. तुम्हाला हवे होते तसे माझे हात स्वच्छ असतात, आणि त्या हातांनी परवा मी काय केलं असेल? पायताणच.

एका हॉटेलला मेजवानीच्या टेबलावर मधोमध मांडायला चॉकलेटची कोल्हापुरी जोडी हवी होती. पट्ट्यावरची वेणी हाताने वळायला गेले, तर चॉकलेट तुटायचं नाहीतर बोटांच्या उबेनं ओघळायचं. शेवटी तुम्ही आईसाठी केलेली जोडी मागितली. तुमच्या माघारी तिनं ती पायात घातलेली नाही. जेवणाच्या टेबलावर पायताण मांडतात होय, असं म्हणून ती दिवसभर धुसफुसली आणि मग स्वतःच फडक्यात गुंडाळून घेऊन आली. त्या जोडीवरून मी सिलिकॉनचा साचा काढला, चॉकलेट ओतलं आणि नुसती बसून राहिले. नीट थंड झालं की चॉकलेट आकसतं आणि आपणहून साचा सोडतं. घाई केली की मोडतं. सुटलं तेव्हा वेणीचा पीळन् पीळ उठला होता, टाक्यांशेजारी तुमच्या आरीची टोचसुद्धा. मला रडू आलं, आबा.

हॉटेलात लोकांनी फोटो भरपूर काढले. फोडायला शेजारी ठेवलेला छोटा हातोडा मात्र कुणी उचलला नाही. देखणं होतं म्हणून, की पायताण होतं म्हणून, ते मला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. जोडी तशीच परत घेऊन आले.

घरी आले तर आई स्वयंपाकघरात वाट बघत बसलेली. लोकांनी खाल्लं का, एवढंच विचारते. एक संपवलं, दुसरं तुझ्यासाठी ठेवून घेतलं, असं मी सांगते. ती पायताणाच्या अंगठ्याचा तुकडा मोडून तोंडात टाकते, डोळे मिटून सावकाश चघळते.

"तुझ्या आबांचं काम जन्मभर लोकांच्या पायात गेलं," ती म्हणते. "एकदा तरी ताटात आलं की."

हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते. लोकांनी संपवलं असं मी आईला म्हणाले, ते पायताण दुकानातल्या फ्रीजमध्ये आहे, अख्खंच्या अख्खं.