पाऊण लेथ

३ फेब्रुवारी

चि. मायक्रॉन हिला अ. उ. आशीर्वाद.

जन्मलीस तेव्हा एवढीशी होतीस म्हणून मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचं हे नाव ठेवलं, आता त्याच मापाचं काम करतेस. तर तुझ्या लॅबसाठी तपासायला एक जॉब पाठवतो.

आज माझा आकडा बारा लाखांवर गेला. चौदा वर्षांपूर्वी वर्कशॉप बंद केलं, लेथ विकून आलेले तीन लाख शेअरमध्ये घातले, तेव्हा तुझी आई म्हणाली होती की माणसाने लोखंड विकून कागद घेतला. आज तिला सांगितलं, कागदाचे चौपट झाले. ती म्हणाली, मग आधी स्वयंपाकघरातला नळ बदला.

मी ठरवलंय, त्याच कंपनीची, तशीच वापरलेली लेथ परत घ्यायची. उरलेल्या पैशात जागेचं भाडं. गोदामात दुसऱ्यांचे नटबोल्ट मोजून कंटाळलो. तूच सांगतेस की मोजायचा गेज खराब निघाला तर तुमच्याकडे त्याच दिवशी लाल चिठ्ठी लागते. तेव्हा हिशोब तपास. आठवडाभर वाट बघतो, मग राजीनामा.

असाच जीव लावत जा.

तुझा,
बाबा

१९ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र सात तारखेला मिळालं. हिशोबाला दहा मिनिटं लागली, लिहायला बारा दिवस.

चौपट बरोबर आहे. पण ज्या गेजने मोजलंत तो रुपयाच चौदा वर्षांत झिजला आहे. झिजलेल्या गेजने खराब जॉबही पास होतो, हे मी तुमच्याकडूनच शिकले. घरखर्च या काळात अडीचपट झाला, म्हणजे किराण्यात मोजलं तर तुमचे पैसे चौपट नाहीत, एक पूर्णांक सहा दशांश पट आहेत. हा तोटा नाही. पण तुम्हाला किराणा घ्यायचा नाही, लेथ घ्यायची आहे, आणि ती परदेशातून येते. त्या देशाचं जे चलन तेव्हा चाळीस रुपयांना मिळायचं, ते आज एकशे दहाला मिळतं. शिवाय तिकडेही यंत्रं महागली. मी दोन विक्रेत्यांना विचारलं. तशीच लेथ आज पंधरा लाख चाळीस हजारांना पडते.

हे सात तारखेलाच कळवायला हवं होतं. आई फोनवर म्हणाली की तुम्ही हल्ली शीळ घालत दाढी करता. मला ती थांबवायची नव्हती.

राजीनामा देऊ नका.

लोभ आहे, तो तसाच राहू द्यावा.

आपली,
मायक्रॉन

२६ फेब्रुवारी

चि. मायक्रॉन हिला अ. उ. आशीर्वाद.

पत्र पोचलं. हिशोब तीनदा तपासला, चूक सापडली नाही. सापडली असती तर बरं वाटलं असतं. माझ्याकडे पाऊण लेथचे पैसे आहेत. कुठला भाग सोडून देऊ, असं विक्रेत्याला विचारावं म्हणतो.

राजीनामा अकरा तारखेलाच दिला. आठवडा झाला, लाल चिठ्ठी नाही, म्हणजे जॉब पास, असं धरलं. तुझं पत्र आल्यावर गोदामात जाऊन मालकाला भेटलो. माझ्या टेबलावर एक चष्मेवाला बसला होता, माझ्यापेक्षा निम्म्या वयाचा आणि निम्म्या पगाराचा. मालकाने चहा पाजला आणि तब्येत सांभाळा म्हणाला.

जुना मायक्रोमीटर काढून बघितला. मिटवला की अजून बरोबर शून्यावर बसतो. वर्कशॉप होतं तोवर रोज सकाळी, पहिल्या जॉबच्या आधी, तो तपासायचो. पैसा मात्र चौदा वर्षांत एकदाही तपासला नाही. तो कोणी तपासतं, हेच ठाऊक नव्हतं.

तुझ्यावर राग नाही. दाढी करतोच आहे, शीळ तेवढी बंद झाली. नळ मी स्वतःच बदलला. आई म्हणते, चौपटीतून एवढं तरी निघालं.

एक मात्र लक्षात ठेव. पुढे काही वाईट दिसलं, तर त्याच दिवशी कळव, माझं तोंड बघत बसू नकोस. तू गप्प राहिलीस तर मी सगळं बरोबर आहे असंच धरणार. दुसरं काही धरता येत नाही मला.

तुझा,
बाबा