वांबोरी घाटासाठी हलका गिअर

अण्णा, तुमच्याविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे, आणि तिची सुनावणी आता कोणत्या दरबारात व्हायची हे मला माहीत नाही. तुम्ही माझ्याकडून संस्कृत धातूंचे दहाही गण घोकून घेतलेत, पण सायकलीच्या दात्यांविषयी चकार शब्द काढला नाहीत. ज्या वयात माणसानं स्वतःचे उरलेले दात मोजावेत, त्या वयात मी नगरच्या दुकानात बसून चकत्यांचे दाते मोजत होतो. तुमचं बरं होतं. तुमच्या सायकलीला पुढे एक चकती, मागे एक. निवडायचा प्रश्नच नव्हता. अद्वैतच म्हणा ना.

माझ्या नव्या सायकलीला मात्र पुढे दोन चकत्या आहेत आणि मागे चकत्यांची उतरंड. पुढची मोठी आणि मागची लहान असली की सपाटीला सायकल सुसाट पळते, पण चढाला गुडघे रडतात. उलट केलं की चढ हलका होतो, पण सपाटीला पाय नुसते गरगरतात आणि बरोबरचे लोक दिसेनासे होतात. आमच्या राहुरीच्या सायकलवाल्यांचा रविवारचा नेम म्हणजे राहात्यापर्यंत जाऊन मिसळ खायची. रस्ता ताटासारखा सपाट. त्यातले एक बागायतदार मला म्हणाले, "सर, बारकी चकती घेऊ नका. मिसळ संपल्यावर पोचाल, नुसता पाव ऱ्हाईल." मी लगेच पुढच्या दोन्ही चकत्या मोठ्या घेतल्या. विद्या विनय देते असं तुम्ही शिकवायचात. मला ती या बाबतीत पावली नाही.

पण मला चढायचा होता वांबोरीचा घाट. गेल्या वर्षी माझ्या छातीत दुखलं, दोन स्टेंट बसले. तुमची सून त्याआधीच गेली होती, त्यामुळे दवाखान्यात उशाशी बसून राहिली ती तुमची नात. तिला पुण्यात नोकरी लागली आहे, मनासारखी, आणि ती जायला तयार नव्हती. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, फक्त धाप लागेपर्यंत ताणू नका. ते काही तिला पुरेना. "बाबा, डोंगरगणापर्यंत घाट सायकलवरून न उतरता चढून दाखवा. वर पोचल्यावर माझ्याशी नीट वाक्यं बोला. मग मी जाते. नाहीतर कळवते त्यांना, नको म्हणून." कंपनीनं महिनाअखेरपर्यंतच वाट पाहायचं कबूल केलं होतं.

पहिल्या खेपेला मोठ्या चकतीनं दुसऱ्या वळणावरच मला खाली उतरवलं. तुमची नात स्कूटरवरून मागे येत होती. तिनं पाण्याची बाटली पुढे केली. तेव्हा तुम्ही आठवलात. मी दहावीत आहे, आपण आपापल्या सायकलींवर पाठांतर स्पर्धेला वांबोरीहून नगरला निघालो आहोत. तुम्ही सायकल हातात धरून संथ चालताय, मी उभा राहून पायडल मारतोय, आणि सायकलीसकट आडवा होतोय. तुम्ही धोतराच्या सोग्यानं माझा गुडघा पुसता आणि म्हणता, "उतरायला काय झालं होतं? महाकाव्य आहे का हे, एका दमात संपवायला? चल, आता चालत म्हण." आणि उरलेला घाट मी लंगडत श्लोक म्हणत चढतोय. स्पर्धेत बक्षीस मिळालं, ते त्या घाटामुळेच असं तुम्ही घरी आईला सांगितलंत.

दुसऱ्याच दिवशी मी पुढच्या लहान आणि मागच्या मोठ्या चकत्या बसवून घेतल्या. दुकानदारानं विचारलं, "सर, राहात्याला जाणाऱ्यांना काय सांगू?" म्हटलं, "सांगा, सरांनी वानप्रस्थ घेतला."

काल सकाळी चढलो. पाय इतके हलके फिरत होते की कुणी पाहिलं असतं तर शिवणयंत्र चालवतोय म्हणालं असतं. उसाचा एक रिकामा ट्रॅक्टर मला मागे टाकून गेला, ड्रायव्हर ओरडला, "काका, ढकलू का?" मला हसू आलं, आणि हसण्याइतका दम शिल्लक आहे हे त्याच वेळी कळलं. छाती शांत होती. वर्षभर मी तिचं इतकं ऐकत आलो होतो, की तिनं काहीच न बोलणं ही मला पर्वणी वाटली. वर पोचल्यावर मी तुमच्या नातीला तुम्ही शिकवलेला एक आख्खा श्लोक न थांबता म्हणून दाखवला. ती म्हणाली, "बास, बास, पटलं!" आणि तिथूनच तिनं पुण्याला फोन लावला. किती दिवसांनी ती मोठ्यानं बोलत होती. सोमवारी जाते आहे.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणूनच हेही लिहितो. शेवटच्या वळणाआधी माझ्या मनात आलं होतं, उतरावं. दम लागला नव्हता, पाय दुखत नव्हते. फक्त उतरलो असतो तर ती राहिली असती. चढलो, बरं झालं. पण अण्णा, मला आता छातीची भीती वाटत नाही. रिकाम्या घराची वाटते.