उपरण्याची खळ

ठाणे, मार्गशीर्ष वद्य सप्तमी, दिवेलागण

आज अंगात त्राण नाही, तरी लिहिते. शाळा सुटल्यावर शेजारच्या गोदावरीकडे गेले होते. तिचं बाळ आठ महिन्यांचं झालं, अजून मान सावरत नाही. तिच्या अंगावरचं दूध आटलंय, आणि कारकुनाच्या पगारात विकतचं कुठून येणार? माझ्यासमोरच तिने भात वेळला आणि निथळलेली दाट पेज नवऱ्याच्या उपरण्याला खळ म्हणून लावली.

मी म्हटलं, "अगं, ही पेज तू पी. बाळालाही चमचाभर दे."

"आणि आमचे हे कचेरीत मरगळलेलं उपरणं घालून जातील? साहेब काय म्हणतील, बाई?"

शाळेत आम्ही मुलींना वाचायला शिकवतो, टाके घालायला शिकवतो. पोटात काय घालावं, हे कोण शिकवणार? तिच्या दांडीवरचं कालचं उपरणं कसं ताठ होतं! आणि बाळाची मान...

उद्या शाळेची तपासणी आहे. घरी येऊन मीही भात वेळला. लुगड्याला खळ दिली, दांडीवर टाकलं, तेव्हा कुठे लक्षात आलं. पातेल्यात पेजेचा थेंब उरला नव्हता.