न वाढलेल्या गवताचा पगार

विटलशॅम, सफोक
बुधवार, ऑगस्ट १९७६

प्रिय लायोनेल,

तुझं पत्र मिळालं. मी पहाटे झोपायच्या कपड्यांत बादल्या घेऊन बागेत फिरते असं मिसेस पिंचबेक यांनी तुला परस्पर कळवलं, आणि मला डॉक्टरांना दाखवायला हवं असं तू त्यावरून ठरवूनही टाकलंस. माझं डोकं ठिकाणावर आहे. अंगात ड्रेसिंग गाऊन होता आणि बादली एकच होती, दुसऱ्या हातात झारी होती. शेजारणीनं कुंपणावरून बघायचंच तर नीट तरी बघावं. पत्राच्या शेवटी तू नेहमीचा प्रश्नही विचारलायस : गवत वाढत नाही, मग ते कापणाऱ्या गॅरडना पैसे कशाचे? बादलीचं आणि गॅरडचं उत्तर एकच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बँकेत वाचू नकोस, घरी निवांत वाच.

तुमच्या एडिंबरात अजून पाऊस पडतो म्हणे. इथे लोकांनी आभाळाकडे बघणंच सोडून दिलंय. बागेत रबरी नळी लावायला बंदी आहे. लेडीबर्ड किडे इतके झालेत की रविवारी प्रार्थनेचं पुस्तक उघडलं तर पानापानांत चिरडलेले सापडतात. सगळ्या गावाची हिरवळ चहात बुडवायच्या बिस्किटाच्या रंगाची झालीय. मला त्याचं विशेष काही वाटलं नाही. गवत मेलं तर मेलं, पुन्हा येतं.

पण मंगळवार हा गॅरडचा दिवस. तुझे वडील होते तेव्हापासूनचा. तू त्यांच्या ढकलगाडीत बसून बागभर मिरवलायस, आठवत असेल. अकरा वाजता मी चहा करते आणि आम्ही मागच्या पायरीवर बसून पितो. बुटांना माती असते म्हणून ते आत येत नाहीत, आणि ते बाहेर बसतात म्हणून मीही बाहेर बसते. बोलणं म्हणजे घेवड्याच्या शेंगा, पाद्रीसाहेबांचं गवत कापायचं नवं, मोटारीवर चालणारं यंत्र आणि कोणाच्या गुडघ्याला काय झालं, एवढंच. तुझे वडील गेल्यापासून बाकी आठवडाभर मी बोलते ती फक्त मांजराशी, आणि तेही मान फिरवून बसतं. मला हे सांगायला आवडत नाही, पण हिशोब तू बघतोस, तर त्या पैशांत काय काय येतं हेही तुला ठाऊक असावं.

जूनमध्ये एका मंगळवारी गॅरडनी बुटाच्या टोकानं गवत उकरून बघितलं आणि म्हणाले, “बाई, यात कापायचं काय? धूळ विंचरू का हवं तर?” चहा प्यायले आणि गेले. खिडकीत कुंडीखाली ठेवलेलं पाकीट तसंच राहिलं. पैसे हातात द्यायची आमच्यात पद्धत नाही, त्यामुळे त्यावर बोलायची सोय नव्हती. पुढच्या मंगळवारी मी धीर करून म्हटलं, “यायचं तर तुम्ही येताच ना? मग त्याचे घ्या.” ते हसले. “येण्याचे पैसे डॉक्टर घेतात, बाई. मी कापण्याचे घेतो.” त्यापुढच्या मंगळवारी ते आलेच नाहीत. मी दोन कप मांडले होते.

पोस्टात रांगेत उभी असताना मी सहज विषय काढला, आणि टपालाची तिकिटं राहिली बाजूला, अर्धा गाव भांडायला लागला. एकीचं म्हणणं, माणूस बांधलेला असेल तर काम असो नसो, पैसे द्यायलाच हवेत. पाऊस आला की आपण पुन्हा कुठल्या तोंडानं बोलवायचं? दुसरी म्हणाली, “वा गं वा! दूधवाला गाईला घेऊन नुसता दारावरून फिरला तर देशील का त्याला पैसे?” खिडकीमागच्या बाईंनी निकाल दिला, “ज्याला परवडतं त्यानं द्यावेत आणि ज्याला नाही त्यानं वाद घालावा.” मला परवडतं. पण मुकाट घेणारा माणूसही लागतो, तो कुठून आणायचा हे त्यांच्यापैकी कोणीच सांगितलं नाही.

मग मी एक गोष्ट केली. गॅरडना निरोप पाठवला की मागच्या बाजूचं गवत वाढायला लागलंय, तीन आठवड्यांनी येऊन जा. ते अजिबात वाढलेलं नव्हतं. म्हणून ते वाढवावं लागलं. आंघोळीचं पाणी, भांडी धुतलेलं, भाजी धुतलेलं, सगळं साठवून मी रोज उन्हाआधी मागच्या हिरवळीवर ओतायला लागले. यात कायद्याविरुद्ध काही नाही, बंदी नळीला आहे, बादलीला नाही. बरेच दिवस काहीच झालं नाही आणि मग एकदम झालं. साबणाचं पाणी गवताला बहुधा मानवत असावं. गॅरड आले, यंत्र ढकललं, चहा प्यायले आणि पाकीट घेऊन गेले. त्या दिवशी मी संध्याकाळी चक्क गाणं म्हटलं. माझं गाणं तुला माहीत आहे, पण ऐकायला कोणी नव्हतं.

मिसेस पिंचबेकना आमची हिरवळ दिसली आणि त्यांचा जळफळाट सुरू झाला. “आम्ही इथे चहाला पाणी मोजून घेतोय,” कुंपणापलीकडून त्या म्हणाल्या, “आणि तुमच्याकडे बघावं तर एप्रिल महिना! देवानं तुमच्यापुरता वेगळा ढग ठेवलाय वाटतं.” मी म्हटलं, “हो, पण तो फक्त आंघोळीच्या वेळी येतो.” त्यांनी पाणी खात्याच्या माणसाला पाठवलं. त्यानं बिचाऱ्यानं बादली हुंगली, साबणाचा वास आल्यावर टोपी काढून माफी मागितली आणि माझ्याकडची शेवटची जॅमची पोळी खाऊन गेला. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून बाईंनी तुला पत्र लिहिलं. तर बादलीचं हे असं आहे.

या दिवसांत गॅरड पहिल्यापेक्षा जास्त वेळ थांबायला लागले होते. अर्धी हिरवळ कापली की ढकलगाडीच्या कडेवर बसायचे, पाणी मागायचे, मग पुन्हा थोडं कापायचे. अकराचा चहा बारापर्यंत चालायचा. मला वाटलं, त्यांनाही इथे बसायला बरं वाटत असेल. खरं सांगते, मला त्याचा जरा अभिमानच वाटला. या वयात कोणी आपल्याकडे रेंगाळतं म्हणजे काय असतं, ते तुला अजून कळायचं नाही.

मागच्या शुक्रवारी त्यांची बायको आयव्ही आली. पुढच्या दारानं आली, आणि त्या उन्हात हॅट आणि हातमोजे घालून. बसली नाही. म्हणाली, “बाई, त्यांच्या हृदयाचं काही खरं नाही. वसंतातच डॉक्टरांनी सांगितलं की ते यंत्र खाली ठेवा, नाहीतर ते तुम्हाला खाली ठेवेल. ऐकतायत कुठे! मग हा उन्हाळा आला. गवत गेलं. पाद्रीसाहेबांनी मोटारीचं यंत्र घेतलं, वरच्या घराची माणसं गाव सोडून गेली. सगळीकडचं काम आपोआप सुटत होतं, कोणी त्यांना काही बोलायलाही नको. पाऊस पडत नाही म्हणून मी रोज देवाचे आभार मानत होते, बाई. आणि मग तुमचं गवत उगवलं.” जाता जाता ती दारात थांबली. “मी आले होते ते सांगू नका. आणि कृपा करून त्यांची दया करू नका. तुम्हाला दया येतेय असं दिसलं, तर ते फुकटात कापायला येतील. पेन्शनवर आमचं भागतं. फक्त माझा माणूस हवा.”

मी पाणी घालणं त्याच दिवशी थांबवलं. पण गवत काही सांगितल्याबरोबर मरत नाही. काल मंगळवारी मी गॅरडना म्हटलं, “आज फार ऊन आहे, नुसते बसू या, पाकीट मी ठेवलंय.” ते म्हणाले, “गवत उभं आणि मी बसू? लोक काय म्हणतील, बाई?” आणि गेले यंत्र काढायला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. हिरवळीच्या दुसऱ्या टोकाला गेल्यावर त्यांनी यंत्राच्या दांड्यावर कपाळ टेकवलं आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. इतके दिवस मला हे दिसलं नव्हतं, कारण तेवढ्या वेळात मी चहाची तयारी करत असायचे. मी ते हिरवं गवत बघितलं आणि मला शिसारी आली. लायोनेल, ते मी वाढवलंय. माझ्या पायरीवर कोणीतरी बसावं म्हणून.

रेडिओवाले म्हणतात, पाऊस जवळ आलाय. तो आला की माझ्या बादलीची गरज उरणार नाही, गवत आपलं आपण वाढेल आणि हा माणूस ते कापत राहील. म्हणून तुला लिहितेय. गॅरडना तू काढून टाक. मे महिन्यापासून तुझ्या मनात आहेच, आता कर. त्यांच्या पत्त्यावर पत्र घाल की आईचे हिशोब मी बघतो, एवढ्याशा हिरवळीसाठी माणूस ठेवणं परवडत नाही, सबब येत्या मंगळवारपासून येऊ नये. आभार मानू नकोस. जास्तीचे पैसे पाठवू नकोस. तब्येतीचं विचारू नकोस. एक गोड शब्द दिसला तरी त्यांना संशय येईल आणि ते यंत्र घेऊन हजर होतील. तुझा त्यांना राग यायला हवा. मुलगा चिक्कू निघाला, म्हातारीचं काही चालत नाही, असंच त्यांना वाटू दे, आणि पोस्टात कोणी विचारलं तर मीही तेच सांगेन. तेवढं तू माझ्यासाठी सोस. ते पुन्हा येणार नाहीत हे मला कळतं. काढून टाकलेला माणूस त्या दारी चहाला येत नाही. मला फार वाईट वाटेल, तुझे वडील गेले तेव्हाच्या खालोखाल. पण ते घरी बसलेले असतील, आयव्हीच्या नजरेसमोर. पत्र सोमवारी त्यांच्या हातात पडायला हवं, म्हणून हे वाचल्या वाचल्या लिहायला बस. आणि कडक लिही. तुला जमतं.

तुझीच,
आई