अंबरच्या तबकडीतली मुंगी

लेस्टर, दसरा २००६

प्रिय दादा,

तुझं नवं महागडं घड्याळ देवापुढे ठेवायला काढलं, तर चार दिवस न घातल्याने ते बंद. दसऱ्याला बंद घड्याळ कसं पूजायचं? म्हणून चावी दिली, ती ओढून वेळ लावली आणि परत दाबायला विसरले. वर फुलाने पाणी शिंपडलं! आता काचेच्या आत वाफ धरलीय. मधासारख्या अंबरच्या, म्हणजे दगड झालेल्या जुन्या राळेच्या, तबकडीत लाखो वर्षांपासून अडकलेली ती मुंगी दिसेनाशी झालीय. हेअरड्रायरही लावून पाहिला. रविवारी तू न्यायला येशील.

घड्याळ दुरुस्त होईल रे. पण बाबा गेल्यापासून तू देवाला हात जोडले नव्हतेस. यंदा स्वतःहून म्हणालास, "सुप्रभा, पूजेत ठेव."

हे पत्र मी टाकणार नाही. पुन्हा कधी म्हणशील का रे तसं?

दाराच्या बेलला दचकणारी,
तुझी सुप्रभा