मडकं भरतंय

नवापूर, १८ फेब्रुवारी १९५३, बुधवार
आजपासून उपासाचे चाळीस दिवस. पाळकसाहेबांनी यंदा सगळी व्यवस्था माझ्यावर सोपवली. शाळा सांभाळून हेही! मंडळीला बजावलं — संध्याकाळची भाकरी सोडायची, तिचे दाणे शुक्रवारी सकाळी चर्चच्या दारामागच्या मडक्यात टाकायचे. कोणी किती टाकलं ते बघायचं नाही. संध्याकाळी अनुसयानं येऊन सगळं घरी न्यायचं. नाताळात तिचा नवरा सुकराम वारला, पदरात तीन महिन्यांचं पोर. तिच्याइतकं गरीब मंडळीत दुसरं कोण!

शेवटी आवाज चढवला, "उपासाचा दाणा जो खाईल तो देवाचा चोर!" मागे बसलेल्या दगानं मान खाली घातली. त्यालाच उद्देशून होतं. गेल्या साली सोडलेली भाकरी सकाळी उठून हाणायचा.

२७ फेब्रुवारी
मडकं निम्मं. पहिल्या शुक्रवारी नुसता तळ झाकला होता. बरं वाटलं.

६ मार्च
काठोकाठ! घरी सांगितलं तर रंजना म्हणते कशी, "औंदा ज्वारी पिकनी नही. मंग इतली येस कोठून?" बायकोला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते.

१५ मार्च, रविवार
अनुसया भिंतीला टेकून बसली होती. उपदेश लांबला, पण तिचं पोर एकदाही रडलं नाही. मी बाकीच्या बायांना म्हटलं — शिका जरा! पाळकसाहेब हसले. रंजना हसली नाही.

२० मार्च
मडकं पुरेना. शेजारी टोपली ठेवावी लागली. आता आनंद होत नाही, भीती वाटते. कशाची ते सांगता येत नाही. अनुसया न्यायला आली, टोपली डोक्यावर घेताना तिचा झोक गेला. "जेवतेस ना?" म्हटलं. "देव शे ना," म्हणाली आणि गेली. मी आणखी विचारलं नाही.

१ एप्रिल
रविवारी अनुसया आली नाही, म्हणून आज रंजनाला घेऊन तिच्या घरी गेलो. चूल थंड. सुपात मूठभर मोहाची फुलं. पोर मांडीवर — डोळे अर्धवट उघडे. मी ओरडलोच, मडक्यातली ज्वारी कुठाय?

"शुक्रवारले परत टाकस ना मास्तर. जशीनी तशी. तुम्हीच सांगं, उपासना दाना खाई तो देवना चोर. मी चोर नही."

दर शुक्रवारी तेच दाणे! घेणाऱ्यानं खायचे असतात, एवढं एक वाक्य मी बोललो नाही. रंजना दुधासाठी धावली. पोरानं ओठ हलवले नाहीत.

३ एप्रिल, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे)
पोराला मूठमाती दिली. कबरीपाशी पाळकसाहेबांनी विचारलं, "हिला असलं शिकवलं कोणी?" अनुसयानं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "कोणी नही साहेब. मन्हंच चुकनं."

मी खाली वाकून कबरीवरची माती सारखी केली.