एका घरात दोन साहेब

४ ऑगस्ट

डिव्हिजन मोडली!

सकाळी ह्यांचा फोन. मी कुकर लावत होते. 'ऐकून राहिली का? आमची डिव्हिजन मोडून राहिले.' एवढंच. मग आवाज गेला. रेंज गेली की ह्यांनीच ठेवला, हे मला लग्न झाल्यापासून कधी कळलेलं नाही.

मोडली म्हणजे काय? लग्न मोडतं, बाजार मोडतो. हाड मोडतं, ते तर मी रोज बघते, दवाखान्यात एक्स-रे काढायचंच काम माझं. पण फौजेतली हजारो माणसांची डिव्हिजन कशी मोडते? कुणी मोडली? शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, डाळीचा गाळ झाला.

सासूबाईंनी अर्धंच ऐकलं आणि उरलेलं स्वतः भरून घेतलं. 'नोकरी गेली का वं धम्मदीपची?' मी नाही नाही म्हणेपर्यंत बाई शेजारी वंदनाकडे पोचल्यासुद्धा! संध्याकाळी ड्यूटीवरून आले तर गल्लीतल्या बायका समाचाराला बसलेल्या. वंदनानं पोहे करून आणलेले. 'सुभेदाराला असं उचलून घरी पाठवत नाहीत हो,' हे सांगता सांगता माझा घसा बसला. कुणाला पटलं नाही. पोहे मात्र सगळ्यांनी संपवले, मी पण.

५ ऑगस्ट

ह्यांचा परत फोन. नोकरी शाबूत आहे. आईंना समजेल असं सांगितलं ह्यांनी — 'शाळेत तुकडी मोडते का नाई? ब तुकडीतले पोरं थोडे अ मध्ये, थोडे क मध्ये. तसं. पोरं तेच, शाळा तेच.'

आईंना पटलं. मला नाही. तुकडी मोडली की वर्गात कुणीतरी रडत असतंच, हे शाळेत गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

मी म्हटलं, 'अहो, कामठीचं काय?'

'पाहू.'

मला त्या 'पाहू'ची धास्ती वाटते. डिसेंबरात इथं जवळच कामठीच्या छावणीत पोस्टिंग पक्की होती. इंदोऱ्यातल्या ह्या घरातून स्कूटरनं जायचं, संध्याकाळी घरी जेवायला यायचं. नवरा संध्याकाळी घरी येतो म्हणजे नेमकं काय असतं, ते मला या वयात बघायचं होतं! पुढची खोली रंगवून घेतली आहे मी. लेक पुण्याहून फोनवर हसते — 'मम्मी, बाबा येताहेत की पाहुणे?'

१४ ऑगस्ट

प्रशिक आला. माझा धाकटा दीर. तोफखान्यात मेजर. माझं लग्न झालं तेव्हा हाफ चड्डीत होता, म्हणून अजून त्याला अरे-तुरेच करते. सासरे गेल्यावर ह्यांनीच वाढवला त्याला. सुट्टीत आले की अंगणात पळवायचे, वही तपासायचे, केस कापायला न्यायचे. हे शिपाई म्हणून लागले. धाकटा ऑफिसर झाला. तरी दादासमोर तो खुर्चीवर बसत नाही, आजही नाही.

जेवण झाल्यावर त्यानं माझे डबे फरशीवर मांडले. मोठं पिंप म्हणजे डिव्हिजन. आत तीन डबे — ब्रिगेडी. 'रणगाडे, तोफा, इंजिनिअर, सगळे वेगवेगळ्या फळीवर. लागले की मागायचे, मग येणार, मग एकमेकांची ओळख करून घेणार, तोवर लढाई संपली! आता प्रत्येक डब्यात सगळंच. पायदळ, रणगाडे, तोफा, ड्रोन. डबा उचलला की निघाला.'

आई लक्ष देऊन ऐकत होत्या. 'मंग आतापर्यंत उसनं मांगून लढत होते का गा तुमी?'

काय हसला! म्हणाला, 'आई, हेच आमच्या मोठ्या साहेबांना सांगायला मला पन्नास पानं लागली.'

तेव्हा कळलं. हा नुसता सांगत नव्हता, डिव्हिजन मोडायचा आराखडा ज्यांनी केला त्यांत हा होता. आपल्याच घरातला! मी म्हटलं, 'प्रशिक, तुझे दादा कुठल्या डब्यात?'

त्यानं डबे उचलायला घेतले. 'वहिनी, ते मला बोलता येत नाही.' मिठाचा डबा साखरेच्या जागी ठेवला आणि झोपायला गेला.

२३ ऑगस्ट

आज मारबत, रोगराई-पीडा हाकलायला पुतळे मिरवत नेऊन जाळायचा दिवस. इतवारीच्या बाजारात भांडी घ्यायला गेले ही माझीच अक्कल. मिरवणुकीत अडकले, हलता येईना. लोक ओरडत होते, ढोल वाजत होते, त्यात ह्यांचा फोन. एका कानात बोट घालून ऐकलं.

कामठी रद्द.

ह्यांना नव्या ब्रिगेडच्या हेडक्वार्टरमध्ये घेतलंय. आणि तिथं ब्रिगेडिअरसाहेबांच्या हाताखाली सगळा कारभार बघणारा, हुकूम काढणारा मेजर कोण?

'कोण?' मी ओरडले.

'आपला प्रशिक.'

लोक मला ढकलत पुढे नेत होते आणि मी जात होते. कढई दुकानातच राहिली.

२४ ऑगस्ट

आईंना स्वर्ग दोन बोटं उरलाय. 'दोघंबी एका ठिकाणी! आतापर्यंत एकाचा फोन आला का दुसऱ्याचा घोर. आता एक फोन केला का झालं.' रामटेकला भावाला कळवलं, वंदनाला कळवलं, दूधवाल्यालाही कळवलं.

मला हसू येत नाही.

२ सप्टेंबर

'मी पेन्शनचा अर्ज टाकून राहिलो.'

हे असं सांगायचं? जेवलीस का, पाऊस आहे का, आणि पेन्शन!

पुढच्या वर्षी ह्यांचं सुभेदार मेजरसाठी नाव आहे. पलटणीत शिपायापासून निघालेल्या माणसाला त्याच्या वर काही नाही. त्यासाठी हे आयुष्यभर थांबले. ते आता दाराशी आलंय आणि हे पाठ फिरवून घरी येणार म्हणतात. मी नाचायला हवं होतं. नवरा कायमचा घरी! पण मला नुसता धक्का बसलाय. असा अर्धवट उठून आलेला माणूस घरात कसा राहील? पुढच्या खोलीत बसून भिंतीकडे बघत?

'काहून?' मी विचारलं. माझ्या तोंडून 'का' सोडून 'काहून' निघालं की आई समजतात, मी फार चिडले.

'काही नाई. झालं आता.'

वंदनाला पाच मिनिटांत कळलं जे मला सुचलं नव्हतं. 'लहान भावाले सल्यूट मारा लागन ना वं मेघा. कोणाले सहन होईन?'

खरंच की. मी दिवसभर तेच बघत राहिले डोळ्यांसमोर. ज्याला चालायला शिकवलं त्याच्यासमोर टाचा जुळवून उभं राहायचं.

५ सप्टेंबर

प्रशिकला फोन केला आणि झाडला. तुझे डबे तू मांड, पण माझं घर कशाला त्यात? इतकी माणसं आहेत फौजेत, नेमके तुझे दादाच तुझ्या हाताखाली कसे आले?

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, 'वहिनी, मीच नाव दिलं दादांचं.'

मी खाली बसले.

'नवी ब्रिगेड आहे. रणगाडेवाले, तोफावाले, ड्रोनची पोरं — कुणी कुणाला ओळखत नाही. प्रत्येक जण आपल्या जुन्या युनिटच्या आठवणी काढत बसलाय. मला एक असा सुभेदार हवा होता की ज्याच्याकडे बघून सगळे गप उभे राहतील. डोळे मिटले की दादाच दिसतात. काय करू?'

'कामठी तुझ्यामुळे गेली?'

'हो.'

'दादांना विचारलंस?'

'विचारलं असतं तर ते हो म्हणाले असते. मला नाही कसं म्हणतील?'

मी फोन ठेवला. एवढा शिकलेला मुलगा, त्याला कळू नये?

६ सप्टेंबर

राग जात नाही.

३० सप्टेंबर

हे आले सुट्टीवर. वाळलेत. खोलीचा रंग दिसलाच नाही त्यांना. शेवटी मीच विचारलं तर म्हणाले, 'पह्यले हाच होता ना?' पहिला निळा होता!

अर्ज दिलाय. वर गेलाय. बोलायचं नाही म्हणाले.

२ ऑक्टोबर

आज दसरा, धम्मचक्र प्रवर्तन दिन.

सकाळपासून घर भरलेलं. दीक्षाभूमीवर जाऊन आलो, रामटेककडचे पाहुणे जेवून गेले. संध्याकाळी हे पुढच्या खोलीत बनियन-लुंगीवर बसलेले, आई सुपारी कातरत होत्या, मी ताटं आवरत होते. प्रशिक येईल असं वाटलं नव्हतं. दारात उभा राहिला.

आणि हे उठले! ताडकन. टाचा जुळल्या, हात मुठी करून मांड्यांशी, नजर समोर.

'जय हिंद, साहेब!'

लुंगीवर! स्वतःच्या घरात!

माझ्या हातातलं ताट तसंच. आईंचा अडकित्ता थांबला. प्रशिकचा चेहरा पांढराफटक पडला, बूटसुद्धा काढता येईनात त्याला. शेवटी तो पण सावधान झाला. दुसरं काही येत नसावं त्याला अशा वेळी. 'जय हिंद, साहब. बैठिए.'

मला वाटलं, हा पण टोमणाच मारतोय. ओरडलेच मी त्याच्यावर. तर हे म्हणाले, 'त्याले काहून बोलतं? बराबर बोलला तो. ऑफिसर लोक सुभेदाराले साहेबच म्हणते. कायदा आहे. मी त्याले साहेब म्हणन, तो मले साहेब म्हणन.'

'मग सल्यूट मारायची लाज वाटते म्हणून पेन्शन घेता?' मी म्हटलं. पाहुणे गेलेले होते, एवढं तरी बरं.

'सल्यूट?' हे हसले, पण वाईट हसले. 'सल्यूट तं मी मिशा न फुटलेल्या लेफ्टनंटलेबी मारतो. त्याची कायची लाज? पण मेघा, सकाळी साहेब, दुपारी साहेब, रातच्याले साहेब. मंग मले दादा कोण म्हणन? जगात एकच माणूस म्हणते मले दादा. तोबी साहेब म्हणाले लागला तं माह्यापाशी काय राह्यलं?'

मी काय काय समजून बसले होते! वंदना काय, मी काय.

प्रशिक दाराला टेकून उभा होता. रडत होता. एवढा मोठा मेजर, बाहीनं नाक पुसत होता. आईंनी अडकित्ता आपटला. 'तुमची डिव्हिजन मोडली तं मोडली. माही काहून मोडून राहिले रे बाप्पाहो?'

कुणी जेवलं नाही. मग सगळेच जेवले, वांग्याची भाजी संपली.

४ ऑक्टोबर

दोघं सकाळी चालायला गेले ते ऊन चढल्यावर आले. काय बोलले मला माहीत नाही. दारातूनच हे म्हणाले, 'अर्ज वापस घेतो.'

'आणि दादा?' मी विचारलं.

'फोनवर म्हणन ना. सुट्टीत म्हणन. तिथं तो एकटा पडून राहिला मेघा. साऱ्यायले नवं नवं आहे, त्याले सांभाळाले कोणी पाहिजे ना.'

मी चहा टाकला. इतकं बरं वाटलं की साखर दोनदा घातली.

७ ऑक्टोबर

दोघांना स्टेशनवर एकाच गाडीत बसवून दिलं. डबे वेगळे, ऑफिसरचा वरचा वर्ग. पण प्रशिक ह्यांच्याच डब्यात येऊन बसला, ट्रंकेवर. गाडी हलली तेव्हा खिडकीतून मला हात करायचा सोडून ह्यांनाच म्हणाला, 'दादा, पाणी घेतलं ना?' सगळ्या डब्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

प्लॅटफॉर्मवर आईंनी पदर डोळ्यांना लावला. मी पण.

२६ ऑक्टोबर

फोन नाही.

३१ ऑक्टोबर

मिनिटभर बोलले. 'सगळं ठीक. तयारी चालू आहे.' कसली ते विचारायचं नसतं. मागून कुणीतरी 'साहब' म्हणून हाक मारली, हे 'हाव साहेब' म्हणाले आणि ठेवला. प्रशिकचाच आवाज होता. मला आता त्याचं काही वाटलं नाही.

९ नोव्हेंबर

ब्रिगेड वर सीमेकडे गेली. कुठं, माहीत नाही. प्रशिक तिच्यासोबत गेला.

हे नाही गेले!

'गाडीत चढून राहिलो होतो,' हे म्हणाले. आवाज ओळखू येईना. 'प्रशिक साऱ्या जवानांसमोर आला. म्हणे, साहब, आप पीछे रुकेंगे. रिअर आप संभालेंगे. बस.'

'आणि तुम्ही ऐकलंत?'

'मेघा, दादा म्हणून सांगतलं असतं ना, तं एक ठेवून देल्ली असती कानाखाली अन् बसलो असतो गाडीत. त्याले माहीत होतं ते. म्हणून साहेब म्हटलं त्यानं. हुकूम देल्ला. मी सल्यूट मारला.'

मला आधी सुटल्यासारखं वाटलं, दोघांतला एक तरी मागे ठेवला त्यानं. खोटं कशाला लिहू, वाटलंच. फोन हातात धरून उभी होते, तेवढ्यात आतून आईंनी विचारलं, 'दोघंबी संगंच आहेत ना वं?'